परिचर्या शिक्षण : जागा वाढल्या, पाया भक्कम हवा

देशातील परिचारिकांची संख्या वाढावी यासाठी केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये १५७ नव्या परिचर्या महाविद्यालयांना मंजुरी दिली. २०१४ नंतर स्थापन झालेल्या वैद्यकीय महाविद्यालयांलगत ती उभारण्याची ही योजना १,५७० कोटी रुपयांची असून, त्यातून दरवर्षी सुमारे १५,७०० परिचर्या पदवीधर तयार होतील, अशी अपेक्षा आहे. मात्र जागा वाढवल्याने निम्माच प्रश्न सुटतो. नवा विद्यार्थी पहिल्या वर्षी काय शिकतो आणि कोठे शिकतो, यावर त्याची पुढील सारी रुग्णसेवा अवलंबून असते.

भारतीय परिचर्या परिषदेने २०२१ मध्ये लागू केलेल्या बी.एस्सी. नर्सिंगच्या सुधारित अभ्यासक्रमात पहिली दोन सत्रे परिचर्येच्या मूलतत्त्वांना दिली आहेत. हात धुणे, रुग्ण खाटेवर असतानाच चादर बदलणे, तापमान, नाडी, श्वसन व रक्तदाब मोजणे, औषध देण्यापूर्वी रुग्ण, औषध, मात्रा, मार्ग आणि वेळ पडताळणे, ही कामे वरकरणी साधी वाटतात. परंतु प्रत्येकामागे शास्त्र आहे. श्वास मोजला जात असल्याचे कळताच रुग्णाची लय बदलू शकते. म्हणून नाडी पाहून झाल्यावर मनगट तसेच हाती ठेवून श्वास मोजतात. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस वेळेवर बदलली नाही, तर दाबाखालील त्वचेचा रक्तपुरवठा खुंटून व्रण होतात. साबणाने हात धुण्यास ४० ते ६० सेकंद लागतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ते टाळले, तर संसर्ग एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर पोहोचतो.

नव्या अभ्यासक्रमात पुतळ्यांवरील सरावालाही स्थान आहे आणि ते योग्यच आहे. तथापि पुतळा कण्हत नाही, संकोचतही नाही. वेदनेने आखडलेल्या माणसाला हळुवार वळवणे रुग्णाच्या खाटेशीच शिकता येते. तेही चूक तत्काळ दाखवणारा शिक्षक शेजारी असेल तरच.

याकडे दुर्लक्ष झाल्यास काय घडते, हे मध्य प्रदेशात दिसले. तेथील अनेक महाविद्यालयांत पुरेशा सुविधा नसल्याच्या तक्रारींनंतर उच्च न्यायालयाने तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपवला. अनुकूल अहवालासाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून विभागाने मे २०२४ मध्ये आपल्याच अधिकाऱ्याला अटक केली. या साऱ्यात परीक्षा रखडल्या आणि विद्यार्थ्यांची वर्षे वाया गेली.

१९४७ च्या परिचर्या परिषद कायद्याची जागा घेणारा राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोग कायदा संसदेने २०२३ मध्ये संमत केला. शिक्षणाच्या दर्जाचे नियमन हा त्याचा प्रमुख हेतू आहे. वैद्यकीय महाविद्यालयांलगतच्या नव्या संस्थांना रुग्णालय जवळच मिळेल, हा मोठा लाभ आहे. परंतु एकेका खाटेभोवती विद्यार्थ्यांची गर्दी झाली, तर तो लाभ कागदावरच राहील. तपासणी पथकांनी इमारती व नोंदवह्यांबरोबरच पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला नाडी मोजताना पाहिले, तर दर्जाचा अंदाज अधिक अचूक येईल.