देशभक्तीला देवाची साक्ष कशाला?

सरकारी शाळांच्या सकाळच्या परिपाठात राष्ट्रगीत, प्रतिज्ञा आणि प्रार्थना एकापाठोपाठ होतात. देशभक्ती कुठे संपली नि उपासना कुठे सुरू झाली, हे मुलांना उमगत नाही. हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला तो मध्य प्रदेशातूनच. केंद्रीय विद्यालयांतील प्रार्थनेविरुद्ध जबलपूरच्या एका वकिलाने याचिका केली. पूर्णतः सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, हा राज्यघटनेचा अनुच्छेद 28(1) तिचा आधार. जानेवारी 2019 मध्ये द्विसदस्यीय पीठाने हा प्रश्न घटनापीठाने पाहावा असे ठरवले. उत्तर काहीही आले तरी मध्य प्रदेशातल्या सरकारी शाळांनाही ते टाळता येणार नाही.

या प्रार्थनेचे समर्थक म्हणतात, तिच्यातला उपनिषदातील श्लोक साऱ्या मानवजातीचा आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाचे बोधवाक्यही महाभारतातलेच. संस्कृत म्हणजे धर्म नव्हे, एवढे यात खरे. पण बोधवाक्य भिंतीवर असते; ते हात जोडून म्हणायला कोणी रांगेत उभे करत नाही.

‘सक्ती कुठे आहे?’ हा दुसरा बचाव. नाशिकच्या एका शिक्षकाने प्रार्थनेच्या वेळी हात जोडले नाहीत, म्हणून त्याची वरिष्ठ वेतनश्रेणी अडली. 2013 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. नोकरदार माणसाला कोर्टाची पायरी चढावी लागते, तिथे दहा वर्षांचे पोर मुख्याध्यापकांना नकार कसा देणार?

राष्ट्रगीत न म्हणणारा देशद्रोही, हा आरोप तर 1986 मध्येच निकालात निघाला. केरळमधील तीन भावंडे राष्ट्रगीताला उभी राहत, पण गात नसत. त्यांना शाळेतून काढणे सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवले.

याचा अर्थ शाळेतून गाणीच हद्दपार करावीत असा नाही. ‘वंदे मातरम्’वर काँग्रेसच्या 1923 च्या काकिनाडा अधिवेशनात अध्यक्ष मौलाना महंमद अली यांनी हरकत घेतली, तरी विष्णू दिगंबर पलुस्करांनी ते गायलेच. तो गवयाचा बाणा होता. सरकारी शाळेचा नियम तसा नसावा. 1937 मध्ये काँग्रेस कार्यकारिणीने कोलकात्यात अधिक शहाणपणाचा मार्ग काढला: देवीचे आवाहन असलेली पुढची कडवी वगळून पहिली दोनच गावीत. अमेरिकेने 1954 मध्ये नेमके उलटे केले, प्रतिज्ञेत ईश्वर नव्याने घुसवला, आणि त्यावरचे खटले आजतागायत आठवले जातात.

आपली प्रतिज्ञा 1962 ची, पैडिमर्री व्यंकट सुब्बाराव यांनी तेलुगूत लिहिलेली. तिच्यात देव नाही, म्हणून देशप्रेम उणे पडलेले दिसत नाही. 2018 मध्ये मध्य प्रदेशाने हजेरीला ‘जय हिंद’ म्हणण्याचा आदेश काढला. त्यातले शब्दही याच कसोटीला उतरतात. राष्ट्रगीतात मात्र एका विधात्याला साद आहेच. त्यामुळे शब्दांच्या निवडीबरोबर मौनाचा हक्कही लागतो. खासगी अनुदानित शाळांत प्रार्थना होऊ शकते, पण अनुच्छेद 28(3) प्रमाणे अल्पवयीन विद्यार्थ्याच्या पालकाची संमती आधी घ्यावी लागते.