कपाट एक, आवडी दोन

नवे कपाट करायला घेतले, की सुतार आधी विचारतो, ‘कप्पे कसे पाडू?’ बहुतेक घरांतले उत्तर ठरलेले : ‘मधोमध फळी घाला. अर्धे यांचे, अर्धे माझे.’ ऐकायला न्यायाचे वाटते. पण वर्षभरात एका बाजूला यांचे आठ शर्ट ऐसपैस लोंबत असतात आणि दुसऱ्या बाजूच्या निम्म्या साड्या माळ्यावरच्या ट्रंकेत गेलेल्या असतात!

कुंभकोणमचे पाहा. तंजावरच्या भोसल्यांचे राज्य १८५५ मध्ये संपले, तरी त्या काळापासूनची मराठी कुटुंबे कावेरीकाठी आजही नांदत आहेत. तिथल्या गृहिणीचा जीव रेशमी साड्यांत असला तर नवल नाही. जवळच तिरुभुवनमला रेशमाचे माग आहेत. तिथल्या साडीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. तिची घडी पंख्यासारखी चुण्यांची, तमिळमध्ये ‘विसिरी मडिप्पू’. जड जरीची साडी महिनोन्‌महिने हँगरवर टांगली, तर स्वतःच्या वजनानेच ताणते. तिला आडवा कप्पाच हवा. पतिराजांची वेष्टी घडीत राहते, पण इस्त्रीचा शर्ट मात्र टांगलेलाच लागतो.

म्हणून फळी मारण्याआधी दोघांचे सगळे कपडे पलंगावर काढून मोजा. टांगायच्या कपड्यांना २४ इंच खोली लागते, शर्टांना दांडीखाली साधारण ४० इंच उंची पुरते. साड्यांना १५-१६ इंच खोली पुष्कळ. जास्त खोल कप्प्यात मागची चळत विसरलीच जाते. कपाट एकच असेल, तर साड्यांसाठी पुढे ओढायचे ट्रे करून घ्या.

एकाला सगळे जागच्या जागी हवे, दुसऱ्याला एकदा घातलेली पँट खुर्चीवर टाकायची सवय! रोज वाद घालण्यापेक्षा त्या बाजूच्या दाराला आतून चार खुंट्या लावा. बाहेरून दारे एकसारखी, आत ज्याची त्याची मर्जी.

कावेरीच्या खोऱ्यात ऑक्टोबर ते डिसेंबर पाऊस असतो. अशा दमट हवेत कपाट भिंतीला चिकटवू नका, मागे दोन बोटे जागा सोडा. साड्या जुन्या सुती कापडात गुंडाळा आणि डांबराच्या गोळ्या पुरचुंडीत, जरीपासून दूर ठेवा. दर तीन-चार महिन्यांनी घडी बदला. तेव्हा यांनाही एक टोक धरायला बोलवा; नऊवारी एकटीला आवरत नाही.