बंद दिवसांचा रकाना कुठे आहे?

गेल्या पावसाळ्यानंतर प्रशिक्षण विमानांवर काम करणाऱ्या वाचकांची जी पत्रे आली, त्यांतल्या बहुतेकांचा मजकूर थोड्याफार फरकाने एकच आहे. इंजिन ओ-320 किंवा आयओ-360, ओव्हरहॉलला पुष्कळ तास शिल्लक, डिफरन्शियल चाचणीत चारही सिलिंडर चांगले. आणि फिल्टर कापला तर घड्यांत चुंबकाला चिकटणारे कण. सिलिंडर उतरवून पाहिला तेव्हा कॅमचे लोब खरवडलेले, टॅपेटच्या तोंडावर खड्डे. मग मालक, संस्था आणि एएमई यांच्यात दोष कोणाचा यावर वाद. आमचे मत स्पष्ट आहे. हे इंजिन चालून झिजलेले नाही, उभे राहून गंजले आहे. आणि ते किती दिवस उभे होते हे सांगणारा रकाना आपल्या नेहमीच्या कागदांवर नाही.

या इंजिनांची रचनाच हा प्रश्न निर्माण करते. लायकॉमिंगमध्ये कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या वर बसतो. मेन बेअरिंगांना पंपाचे दाबाचे तेल मिळते, लोबना मात्र क्रँककेसमध्ये उडणाऱ्या तेलावर भागवावे लागते. इंजिन थांबले की तेल निथळून संपमध्ये उतरते आणि कॅम कोरडा पडतो. कॉन्टिनेंटलच्या ओ-200 मध्ये कॅम खाली असल्याने हा त्रास तुलनेने कमी. त्यात लायकॉमिंगच्या चार सिलिंडरी इंजिनात इनटेकचा एकच लोब समोरासमोरच्या दोन सिलिंडरांचे व्हॉल्व्ह उघडतो, म्हणजे त्याच्यावर काम दुप्पट. गंजाचा बारीक खड्डा पडला की टॅपेटचे तोंड सोलू लागते आणि ते तोंड लोब खरवडते. डिफरन्शियल चाचणीत हे दिसणार नाहीच, कारण ती दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असताना घेतली जाते; लोब निम्मा झिजला तरी आकडा बदलत नाही. शिवाय सपाट टॅपेटची बॉडी आतल्या बाजूला छत्रीसारखी रुंद असल्यामुळे ती बाहेरून काढता येत नाही, त्यासाठी क्रँककेसचे दोन्ही अर्ध फोडावे लागतात. रोलर टॅपेटच्या नव्या इंजिनांनी हा धोका कमी केला आहे, पण आपल्या हँगरांत जुनी इंजिने अजून पुष्कळ आहेत.

यावर उपाय म्हणून आपल्याकडे जे सर्रास केले जाते, ते पाहून संताप येतो. आठवड्यातून एकदा विमान बाहेर काढायचे, दहा मिनिटे इंजिन चालवायचे, कार्डावर ‘ग्राउंड रन समाधानकारक’ लिहून सही करायची. ऑडिटला आलेला अधिकारी सही आहे का ते पाहतो. तेल किती तापले होते हे विचारत नाही. एक लिटर पेट्रोल जळले की जवळजवळ तेवढेच पाणी तयार होते. त्यातले काही ब्लो-बायबरोबर रिंगांना चुकवून क्रँककेसमध्ये शिरते. तेल पुरेसे तापले तर ते वाफ होऊन ब्रीदरवाटे निघून जाते, नाही तर आतच साचते. म्हणजे दहा मिनिटांचा ग्राउंड रन कोरड्या कॅमवर थोडे तेल उडवतो आणि क्रँककेसमध्ये ताजे पाणी सोडून जातो. लायकॉमिंगच्या एल-180 सर्व्हिस लेटरमध्ये हवे ते स्वच्छ लिहिले आहे: जास्तीत जास्त तीस दिवसांच्या अंतराने, तेल 165 ते 200 अंश फॅरनहाइटवर ठेवून, किमान एक तास सलग उड्डाण. दमट हवेत नव्या इंजिनाच्या सिलिंडरच्या भिंतीवर दोन दिवसांतही गंज चढू शकतो, हा इशाराही तिथेच आहे. जुहूसारख्या समुद्रालगतच्या धावपट्टीवर किंवा कोकणात याची वेगळी साक्ष नको. तरीही सही चालू आहे, कारण कार्डावर चौकट आहे. प्रोपेलर हाताने फिरवून ठेवण्याची सवयही तशीच निरुपयोगी. सिलिंडरच्या भिंतीवर उरलेला तेलाचा थर तेवढा पुसला जातो.

काही जण म्हणतात, सर्व्हिस इन्स्ट्रक्शन 1009 मध्ये तासांबरोबर बारा वर्षांची मर्यादा आहेच, मग आणखी नोंद कशाला? कारण रोज उडणारे इंजिन आणि तीन महिने ताडपत्रीखाली उभे असलेले इंजिन, दोघांची बारा वर्षे कागदावर सारखीच भरतात. दुसरा आक्षेप संस्थाचालकांचा आहे, आणि त्यात तथ्य आहे: प्रिझर्व्हेशन ऑइल भरले, डेसिकंट प्लग लावले, एक्झॉस्ट आणि ब्रीदर बंद केले की विमान तितके दिवस शिकाऊ वैमानिकाला मिळत नाही आणि परत सेवेत आणायला वेळ जातो. मान्य. पण चार विमाने दहा-दहा मिनिटे चालवण्यापेक्षा एक विमान उघडीप मिळताच तासभर उडवावे आणि बाकीची रीतसर प्रिझर्व्ह करावीत. क्रँककेस फोडून कॅम बदलण्याच्या खर्चापुढे हा खर्च किरकोळ आहे.

डीजीसीएने देखभाल कार्यक्रमाच्या मंजुरीतच बंद दिवसांची नोंद आणि ग्राउंड रनच्या कार्डावर तेलाचे तापमान सक्तीचे करावे, अशी आमची मागणी आहे. पण परिपत्रकाची वाट पाहत बसणाऱ्या एएमईंनाही आमचे तितकेच स्पष्ट सांगणे आहे: लायसन्स तुमचे आहे, सही तुमची आहे. तापमानाचा आकडा लिहिल्याशिवाय यापुढे ग्राउंड रनवर सही करू नका. येत्या पावसाळ्यात प्रत्येक इंजिनासाठी साधी वही ठेवा आणि नोंदी ऑक्टोबरअखेर आमच्याकडे पाठवा. विमानाचा नोंदणी क्रमांक किंवा संस्थेचे नाव नको. इंजिनाचे मॉडेल, सलग बंद दिवस, तेलाचे तापमान आणि फिल्टरमध्ये काय सापडले, एवढे पुरे.