श्रद्धांजली की नक्कल?

यंदाच्या स्नेहसंमेलनात सरांची गाणी कशी सादर करावीत यावरून आमच्या गीतमंचात जो वाद झाला, तो एव्हाना प्राध्यापक-कक्षापर्यंत पोहोचला आहे. तेव्हा झाकपाक करण्यात अर्थ नाही. श्रावणात सर गेले. महाविद्यालयाचे स्वागतगीत, दोन समूहगीते, निरोपगीत अशा साताठ चाली त्यांनी लावल्या. त्यांपैकी एकीचेही नोटेशन त्यांनी कधी लिहून ठेवले नाही. पेटीवर बसायचे, ओळ म्हणायचे, आम्ही ती म्हणायची, चुकलो तर पुन्हा म्हणायची. मागे उरली ती एका जुन्या संमेलनाची कॅसेट. ती कोणीतरी मोबाइलवर उतरवून घेतली होती. बहुतेकांचे म्हणणे, कॅसेटमध्ये आहे तसेच, त्याच लयीत, त्याच पट्टीत, त्याच हरकतींसह म्हणायचे. आम्हा चौघांचे म्हणणे, सरांची गाणी आपण आपल्या आवाजात म्हणू, पेटीच्या जोडीला आपल्याकडे जी वाद्ये आहेत ती घेऊ, दोन-तीन ठिकाणी आवाज निरनिराळे करू. मतदान झाले. अकरा विरुद्ध चार. आम्ही हरलो. पण मतदानात हरले म्हणून माझे मत काही बदलले नाही, आणि वार्षिक अंकाच्या संपादकांनी पाने देऊ केली आहेत, म्हणून हा लेख.

त्या दिवसांत मी एक परदेशी ध्वनिमुद्रिका पुन्हा पुन्हा ऐकत होते. १९९३ साली निघालेल्या या मुद्रिकेचे नाव आहे ‘मिंगस बिग बँड ९३ : नॉस्टॅल्जिया इन टाइम्स स्क्वेअर’. चार्ल्स मिंगस हा अमेरिकन जाझ संगीतातला डबल बास वाजवणारा आणि मोठा रचनाकार. तो १९७९ मध्ये वारला, आणि त्याच्या रचना चौदाएक वादकांच्या ताफ्याने त्याच्या पश्चात वाजवल्या, त्या या मुद्रिकेत आहेत. आमच्या भांडणाचाच प्रश्न हा, फक्त न्यूयॉर्कमध्ये सोडवलेला.

जाझ म्हटले की आपल्याकडे पुष्कळजण कानांवर हात ठेवतात. त्यांना एवढेच सांगते की ‘अलबेला’ची गाणी आपल्या आजी-आजोबांनी डोक्यावर घेतली, तेव्हा सी. रामचंद्रांच्या साहाय्यकांत चिक चॉकलेट हा गोव्याचा ट्रम्पेटवादक होता. मुंबईच्या हॉटेलांतून जाझ वाजवणारा हा माणूस. म्हणजे ज्याला आपण परके म्हणतो ते आपल्या घरच्या रेडिओतून कधीच आत येऊन बसले होते. असो.

डबल बास हे वाद्य पुरुषभर उंचीचे. ते उभे राहून वाजवतात, आणि सामान्य श्रोत्याला ते ऐकूच येत नाही. थांबले की मात्र काहीतरी कमी झाल्याचे कळते. आपल्याकडच्या तानपुऱ्याची आणि तबल्याच्या डग्ग्याची कामे एकाच वाद्याने करावीत असा काहीसा हा प्रकार. मिंगसचा जन्म १९२२ चा, ॲरिझोनातल्या नोगालेस गावचा. वाढला तो लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागात. लहानपणी तो चेलो शिकत होता. पण त्या काळात काळ्या मुलाला सिंफनी वाद्यवृंदात चेलोवादक म्हणून कोण उभे करणार? तो बासकडे वळला, आणि मागच्या रांगेत उभे राहूनच त्याने पुढच्या सगळ्यांना हाकायला सुरुवात केली. स्वभाव विलक्षण तापट. ज्या ड्यूक एलिंग्टनला तो आयुष्यभर दैवत मानत आला, त्याच्या बँडमधून १९५३ मध्ये एका सहवादकाशी झालेल्या भांडणापायी त्याला काढून टाकण्यात आले.

मला या माणसात विशेष रस वाटला तो त्याच्या तालमीच्या पद्धतीमुळे. मिंगसला स्वरलिपी उत्तम येत होती. तरीही पन्नासच्या दशकात तो वादकांच्या हाती कागद देईनासा झाला. पियानोवर बसून तो एकेकाला त्याचा भाग वाजवून वा गाऊन दाखवी आणि कानाने उचलायला लावी. कागदावरून वाजवले की स्वर बरोबर येतात, पण माणूस येत नाही, असा त्याचा अनुभव असावा. १९५९ च्या ‘ब्लूज अँड रूट्स’मध्ये ‘मोनिन’ ही रचना आहे. आरंभी एकटा बॅरिटोन सॅक्सोफोन खर्जात एक तुकडा घोळवत राहतो. मग दुसरे वाद्य दुसराच तुकडा घेऊन येते, मग तिसरे, आणि थोड्याच वेळात नऊ माणसे एकाच चौकात आपापले गाऱ्हाणे मांडताहेत असे वाटू लागते. मधूनमधून मिंगसच्या आरोळ्या ऐकू येतात. ही पद्धत वाचली तेव्हा मला पेटीवर बसलेले सरच दिसले. सर मात्र ओरडत नसत. चष्म्यावरून पाहत, आणि तेवढे पुरे होई.

आता कागदावर न मावणारे असे संगीत मागे ठेवून माणूस गेला, तर पुढे काय?

मिंगसला स्नायू निकामी करत नेणारा दुर्धर आजार जडला. अखेरीस बास वाजवणे थांबले, पण चाकांच्या खुर्चीतून तो रचना करतच राहिला. ५ जानेवारी १९७९ रोजी मेक्सिकोतील क्वेर्नाव्हाका येथे, वयाच्या ५६ व्या वर्षी तो वारला. त्याच्या इच्छेप्रमाणे त्याची पत्नी सू मिंगस हिने त्याची रक्षा भारतात आणून गंगेत सोडली. सू स्वतः वादक नव्हती. नियतकालिकाचे संपादन-प्रकाशन हा तिचा व्यवसाय. पण त्याच वर्षी तिने जुन्या सहकाऱ्यांना जमवून ‘मिंगस डायनॅस्टी’ हा छोटा ताफा उभा केला. १९९१ मध्ये तिने ‘मिंगस बिग बँड’ सुरू केला. न्यूयॉर्कच्या टाइम कॅफेच्या तळघरात फेझ नावाची जागा होती. तिथे दर गुरुवारी हा बँड वाजू लागला. वादक ठरलेले नसत. मोठ्या गटातून त्या आठवड्याला जो मोकळा तो येई, आणि कोणाला कोणती रचना येते ते पाहून कार्यक्रम ठरे. वर्षातून एकदा जयंतीला हार घालणे वेगळे आणि दर गुरुवारी तालमीला बसणे वेगळे. आणि हो, ही बाई दुकानांत मिंगसच्या चोरून काढलेल्या ध्वनिमुद्रिका दिसल्या की पैसे न देता सरळ उचलून नेत असे. पुढे अशाच चोरीच्या मुद्रणांना शह देण्यासाठी तिने स्वतःची कंपनी काढली, तिचे नाव ‘रेव्हेंज’, म्हणजे सूड!

या ९३ च्या मुद्रिकेत ‘मोनिन’ आहे. सुरुवातीचा बॅरिटोन सॅक्सोफोन १९५९ मध्ये पेपर ॲडम्सचा होता, इथे रॉनी क्यूबरचा आहे. तुकडा तोच. पण क्यूबर ॲडम्सची नक्कल करत नाही. त्याचा आवाज अधिक खरखरीत, अधिक उद्धट आहे, आणि त्याच्यामागे जमणारी गर्दीही मोठी आहे. मिंगसचा बँड साय जॉन्सनला चांगला ठाऊक होता. नऊ वाद्यांची ही रचना बिग बँडसाठी त्याने मांडली. आरोळ्याही आहेत, त्या दुसऱ्या कोणाच्या. बासवर अँडी मॅकी यांच्यासारखे वादक. ज्या माणसाचे संगीत त्याच्याच वाद्यापाशी दुसऱ्याने उभे राहायचे, हे काही सोपे काम नव्हे.

सगळेच मला आवडले असे मात्र नाही. ‘सेल्फ-पोर्ट्रेट इन थ्री कलर्स’ या रचनेत एक चाल येते, तिच्यावर दुसरी चढते, मग तिसरी. तीन रंगांतले आत्मचित्र. ही रचना मूळच्या ‘मिंगस आह अम’मध्ये, मोजक्या वाद्यांत, मला अधिक जवळची वाटते. मोठ्या ताफ्याला मोठा आवाज करण्याचा मोह होतो, आणि काही ठिकाणी तो या बँडलाही आवरलेला नाही. शिवाय मिंगस मधेच वाजवणे थांबवून वादकांची खरडपट्टी काढत असे. आज काय होईल सांगता येत नाही, ही जी धास्ती त्याच्या बँडला होती, ती कोणीही पश्चात निर्माण करू शकत नाही. ती गेली ती गेलीच.

पण या मुद्रिकेची नावेच पाहा. ‘ओपन लेटर टू ड्यूक’ आणि ‘ड्यूक एलिंग्टन्स साउंड ऑफ लव्ह’ या दोन्ही मिंगसने आपल्या दैवताला वाहिलेल्या रचना. १९५९ मध्ये सॅक्सोफोनवादक लेस्टर यंग वारला तेव्हा त्याने ‘गुडबाय पोर्क पाय हॅट’ हे शोकगीत रचले. यंग ज्या चपट्या हॅटसाठी ओळखला जाई, तिचा निरोप. आणि त्या रचनेत लेस्टर यंगची एकही नक्कल नाही! चारच वर्षांनी तीच रचना मिंगसने दुसऱ्या नावाने, अधिक वाद्ये घेऊन पुन्हा मुद्रित केली. आपल्याच चालींना तो नवी नावे देई, नवे वळण देई. मग १९५९ चे मुद्रण हेच खरे, १९६३ चे खोटे, असे कोणी म्हणावे? सरांच्या कॅसेटचे तेच आहे. ते एका वर्षीच्या एका संध्याकाळचे गाणे आहे. ज्या वर्षी मुलींचे आवाज चढे होते त्या वर्षी सरांनी स्वागतगीताची पट्टी वाढवली होती. ज्या वर्षी तबलजी नवखा होता त्या वर्षी ठेका साधा केला होता. हे आम्ही पाहिले आहे.

आणखी एक गंमत. हा बँड ज्या वर्षी स्टुडिओत गेला, त्याच १९९३ साली वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने मिंगसच्या हस्तलिखितांचा संग्रह आपल्याकडे घेतला. कागद जपलेच पाहिजेत, याबद्दल माझे दुमत नाही. ‘एपिटाफ’ ही त्याची प्रचंड रचना कागदामुळेच वाचली. १९६२ मध्ये न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्ये तिचा काही भाग वाजवण्याचा प्रयत्न झाला, तो पुरता फसला. वाद्यांचे भाग उतरवून देणारे लेखनिक कार्यक्रमाच्या वेळीही रंगमंचावर लिहीतच होते. मिंगसच्या मृत्यूनंतर त्याच्या कागदपत्रांची यादी करताना अँड्र्यू होम्झी या अभ्यासकाला ती सापडली. ३ जून १९८९ रोजी गुंथर शुलर यांनी तीस वादकांच्या वाद्यवृंदाकडून ती करवून घेतली. चार हजारांहून अधिक माप, दोन तासांहून अधिक वेळ. एपिटाफ म्हणजे थडग्यावरचा लेख. ज्याने तो लिहिला त्याची रक्षा दहा वर्षांपूर्वी गंगेला मिळालेली, थडगेच नाही.

माझ्याशी मतभेद असणारे आमचे एक प्राध्यापक म्हणाले होते, “चालीला हात लावाल तर ती सरांची राहणार नाही.” या भीतीत तथ्य आहे. रिमिक्सच्या नावाखाली जुन्या गाण्यांचे काय झाले ते आपण ऐकले आहे. पण आपल्याकडचाच दाखला द्यायचा तर कुमार गंधर्वांनी बालगंधर्वांची पदे गायली, तेव्हा कार्यक्रमाला नाव दिले ‘मला उमजलेले बालगंधर्व’. ‘जसेच्या तसे बालगंधर्व’ असे नव्हे. उमजलेले! त्या एका शब्दात अधिकारही आहे आणि मर्यादेची कबुलीही. मात्र त्या शब्दाचा दुसरा अर्थ आमच्या चौघांनाही बोचावा असा आहे. उमजण्यासाठी मुक्काम करावा लागतो. क्यूबर असो की साय जॉन्सन, त्यांची वर्षे या संगीतात गेली होती. आणि आम्ही? वादाच्या दिवशी आमच्याकडे एक गिटार, एक ढोलकी आणि पुष्कळ उत्साह होता; तालमी झाल्या होत्या दोन. अकरा जणांनी आमच्याविरुद्ध मत दिले, त्यातल्या काहींना सरांच्या चालीविषयी नव्हे, आमच्याविषयीच शंका असेल. ती अगदीच निराधार होती असे मी म्हणणार नाही.

तालमी कॅसेटबरहुकूम सुरू झाल्या. मीही बसले; भांडण मताशी होते, गाण्याशी नव्हते. तिसऱ्या दिवशी निरोपगीतापाशी आलो आणि अडलो. तिसऱ्या अंतऱ्याच्या पहिल्या ओळीवर कॅसेट संपते. पुढे नुसती खरखर. शब्द वहीत होते, पण चाल कोणालाच पक्की आठवेना. कोणी म्हणाले, अंतरा गाळू. तेवढ्यात प्रथम वर्षाची एक मुलगी, जिने सरांना कधी पाहिलेही नाही, हलकेच गुणगुणली आणि म्हणाली, “असे असेल का?” ते प्राध्यापक लगेच म्हणाले, “छे, सरांची चाल अशी नव्हती. ती खाली उतरत होती.” कशी, म्हणून आम्ही विचारले. त्यांनी डोळे मिटून गाऊन दाखवली. पुन्हा एकदा, म्हटले. त्यांनी पुन्हा दाखवली, पण या खेपेला ती निराळीच आली. शेवटी षड्जावर न थांबता निषादावर रेंगाळली. ते स्वतःच क्षणभर चपापले.

आम्ही दुसरी घेतली.