पंपाची 'सवय' आणि व्यवस्थेची सवय

"पंप लावू नका, एकदा लागला की सुटत नाही." आपल्या वस्त्यांमध्ये हे वाक्य इतक्या वेळा ऐकू येते की लोकांना तो वैद्यकशास्त्राचा नियमच वाटतो. मित्रांनो, हा नियम नाही, ही अंधश्रद्धा आहे. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या समाजाने ती का पोसावी?

विज्ञान काय सांगते ते पाहू. दम्यात श्वासनलिकेभोवतीचे स्नायू आवळतात आणि आतून सूज येते. साल्ब्युटामॉल हे स्नायू सैल करते. त्याचा पंप १९६९ पासून जगात वापरात आहे. पंपाच्या दोन फवाऱ्यांत २०० मायक्रोग्रॅम औषध असते, तर एका मोठ्या गोळीत ४ मिलिग्रॅम, म्हणजे वीसपट. फवारा थेट फुप्फुसात जाऊन काही मिनिटांत काम करतो. गोळी पोटातून, रक्तातून फिरत उशिरा पोहोचते आणि वाटेत हात थरथरवते, छाती धडधडवते. तरीही आपल्या आयाबहिणींच्या हातात गोळ्यांची पुडी आणि दंडावर इंजेक्शनच का?

उत्तर मिळते, "या लोकांना पंप वापरता येत नाही." मग शिकवला कोणी? पंप हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, दाबताना हळू आत ओढायचा, दहा सेकंद रोखायचा. जमत नसेल तर स्पेसर लावायचा. हे पाच मिनिटांचे शिक्षण आहे. डॉक्टरने शिकवले नाही तर ती वेळेची कमतरता, आणि आपल्याला आले नाही तर ते मात्र आपले अज्ञान! शतकानुशतके शिक्षण नाकारून वर आपल्यालाच अडाणी ठरवणारी ही जुनीच चाल आहे.

दुसरी सबब पैशाची. साल्ब्युटामॉलचा पंप आणि सूज कमी करणारा ब्युडेसोनाइडचा पंप, दोन्ही राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीत आहेत. त्यांच्या कमाल किमतीवर सरकारचे नियंत्रण आहे. यादीत 'अत्यावश्यक' आणि खिडकीवर 'बाहेरून आणा', हा ढोंगीपणा नाही तर काय? जगातल्या दमा रुग्णांपैकी सुमारे १३ टक्के भारतात आहेत, पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंत आपला वाटा ४० टक्क्यांहून अधिक मानला जातो.

ही फुप्फुसे कोणाची आहेत? पहाटे रस्ता झाडणाऱ्याची, दगडखाणीत, वीटभट्टीवर राबणाऱ्याची, चुलीपुढे बसणाऱ्या बाईची. बिडीला हात न लावताही यांना धाप लागते. १९२७ साली बाबासाहेबांनी महाडला पाण्याचा हक्क मागितला. त्याच साली मुंबईचा कचरा देवनारला पडू लागला. जानेवारी २०१६ च्या आगीत तो धूर शहरावर पसरला तेव्हा बातमी झाली. गोवंडीच्या छातीत तो आधीपासूनच होता. कचरा सर्वांचा, श्वास मात्र ठरावीक वस्त्यांचा कोंडतो. ही जातिव्यवस्थाच आहे.

म्हणून फक्त निळा पंप मिळाला की लढा संपला, असे समजू नका. तो नळी उघडतो, सूज घालवत नाही. प्रौढांचा दमा केवळ त्याच्यावर सांभाळू नये, असे जागतिक मार्गदर्शक तत्त्वे २०१९ पासून सांगत आहेत. तो वारंवार लागत असेल तर रोजच्या प्रतिबंधक पंपाबद्दल डॉक्टरांना विचारा. आणि कोणताही पंप हवा स्वच्छ करत नाही. धूळ दाबायला पाणी, योग्य मास्क, कामगारांची नियमित छातीतपासणी, या मागण्या औषधाच्या बरोबरीनेच मांडल्या पाहिजेत. कामगाराचे आरोग्य हा कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच सांगितले आहे.

तरुणांनो, जयंतीला डीजेवर जाणाऱ्या वर्गणीतला थोडा भाग बाजूला काढा. वस्तीत श्वसनतपासणी शिबिर घ्या, पंप कसा ओढायचा ते शिकवा. आणि आपल्या सरकारी दवाखान्यात माहिती अधिकाराचा अर्ज टाका: गेल्या बारा महिन्यांत कोणते पंप किती आले, किती वाटले, किती दिवस साठा शून्य होता?

पंपाची सवय लागत नाही. सवय लागली आहे ती आपल्याला धापा टाकताना पाहण्याची, व्यवस्थेला. ती सवय मोडायची आहे.

जयभीम!