‘चाउट’ : खर्ड्याच्या हिशेबातला एक शब्द



या सदरात आपण दर महिन्याला एका शब्दाचा माग काढतो. या वेळचा शब्द आम्ही शोधला नाही, तो एका प्रश्नाच्या मागून आला. जामखेडकडच्या एका वाचक भगिनींनी कळवले की, त्यांची मुलगी शाळेतून आली आणि दप्तर न उतरवताच तिने अब्बांना विचारले, “खर्ड्याच्या लढाईत आपण जिंकलो की हरलो?” वर्गात कुणीतरी तिला म्हणाले होते, “तुम्ही हरलात.” अब्बांना काय सांगावे ते सुचेना. “तुम्हीच काहीतरी लिहा,” असे त्या भगिनींनी आम्हाला सांगितले.

लिहायला बसलो आणि इंग्रजी शब्दकोशातला एक फारसा कुणाच्या तोंडी नसलेला शब्द आठवला. स्पेलिंग सी-एच-ओ-यू-टी. उच्चार ‘चाउट’, म्हणजे ‘शाउट’ किंवा ‘अबाउट’ यांच्या शेवटासारखा. चेंबर्सच्या कोशात तो आजही सापडतो. इंग्रज मुलालाही तो माहीत नसेल, पण आपल्या घरातले लहान मूलही त्याचे मूळ ओळखेल. हा शब्द म्हणजे आपली ‘चौथ’.

संस्कृत ‘चतुर्थ’पासून प्राकृतातला ‘चउत्थ’ झाला आणि त्याची ‘चौथ’ झाली. अर्थ सरळ आहे : चौथा हिस्सा. आपल्याला ‘उश्र’ म्हणजे दहावा हिस्सा आणि ‘खुम्स’ म्हणजे पाचवा हिस्सा हे शब्द माहीत आहेत. तिथे जसे अपूर्णांकालाच नाव मिळाले, तसेच इथेही झाले. मुलखाच्या महसुलातला चौथा भाग, म्हणजे शंभरातले पंचवीस, ही चौथ. तिच्या जोडीला शंभरातले दहा, ती सरदेशमुखी.

‘थ’चा ‘ट’ कसा झाला? इंग्रजांच्या कानाला आपले ख, थ, ठ नीट पकडता येत नसत. ठाण्याला त्यांनी ‘टान्ना’ केले. खुद्द खर्डाही यातून सुटले नाही. ग्रँट डफ याने १८२६ मध्ये मराठ्यांचा इतिहास छापला, त्यात या गावाचे स्पेलिंग के-यू-आर-डी-एल-ए, म्हणजे ‘कुर्डला’ असे आहे. जुन्या इंग्रजी पुस्तकांत ‘कुर्डलाची लढाई’ दिसली, तर ती आपल्या खर्ड्याचीच समजावी.

स्पेलिंग बिघडले तरी फारसे नुकसान होत नाही. अर्थ बिघडला तर मात्र होते. यूल आणि बर्नेल या दोघांनी १८८६ मध्ये ‘हॉब्सन-जॉब्सन’ नावाचा कोश काढला. हिंदुस्थानातून इंग्रजीत गेलेले शब्द त्यात आहेत. तिथे ‘चाउट’चा अर्थ देताना ‘ब्लॅकमेल’ हा शब्द वापरला आहे. आज हा शब्द वाचून आपल्याला गुपित फोडण्याची धमकी आठवते. पण यातल्या ‘मेल’चा टपालाशी संबंध नाही. स्कॉटलंडच्या बोलीत ‘मेल’ म्हणजे खंड किंवा कर. तिथल्या सरहद्दीवरचे शेतकरी आपली गुरे लुटली जाऊ नयेत म्हणून दांडग्या टोळ्यांना जो कर देत, तो ‘ब्लॅकमेल’. कोशकारांनी आपल्या घरातल्या ओळखीच्या शब्दाने आपला शब्द समजावला. मुलखात धाड घालू नये म्हणून द्यायची रक्कम एवढी बाजू त्यात बरोबर आली. पण दुसरी बाजू राहून गेली.

ती बाजू अशी की, चौथ नुसत्या तलवारीवर उभी नव्हती, तिला कागदही होता. १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथ दिल्लीला गेले आणि दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाई-सरदेशमुखीच्या मोगल बादशाही सनदा घेऊन आले. पुढे त्याच दख्खनमध्ये निजामांचे राज्य उभे राहिले आणि चौथ कोणी, किती आणि कधी द्यायची यावर दोन पिढ्या तंटा चालला. खर्ड्याची लढाई हा त्या तंट्याचा शेवटचा मोठा प्रसंग.

पेशव्यांचे वकील गोविंदराव काळे हैदराबादच्या दरबारात थकबाकी मागत होते. निजामांचे वजीर मुशीर-उल-मुल्क यांना तो हिशेब मान्य नव्हता. हिशेब समजावून द्यायला नाना फडणविसांनी स्वतःच यावे, असे ते बोलून गेले आणि बोलणे हातघाईवर आले. ११ मार्च १७९५ रोजी खर्ड्याजवळ फौजा भिडल्या. निजाम अली खान यांनी माघार घेऊन खर्ड्याच्या किल्ल्याचा आसरा घेतला. तह झाला त्यात दौलताबादचा किल्ला व मुलूख द्यायचे ठरले, थकबाकी आणि खर्चापोटी ३ कोटी रुपये कबूल झाले आणि मुशीर-उल-मुल्क यांना पेशव्यांच्या हवाली करावे लागले.

आता मुलीच्या प्रश्नातल्या ‘आपण’कडे येऊ. निजामांनी ज्या किल्ल्यात आसरा घेतला, तो बांधला होता निंबाळकरांनी. निंबाळकर मराठा घराण्यातले आणि सरदार निजामांचे. निजामांच्या कवायती पलटणींचा सेनापती रेमंड हा फ्रेंच होता. समोर शिंद्यांच्या पलटणी पेराँ चालवत होता, तोही फ्रेंच. शिंद्यांच्या त्या पलटणींत मुस्लिम शिपाईही होते. मग ‘आपण’ नेमके कोणत्या बाजूला उभे होतो?

शब्दांनीही आपली बाजू निवडलेली नाही. पेशव्यांच्या दप्तरात चौथ मागताना जे शब्द लागत, ते पाहा : वसूल, बाकी, जमा, हिशेब, सनद, वकील, रयत. हे सारे शब्द अरबीतून आलेले आहेत. निजामांच्या दरबारात ज्या एका शब्दावरून वाद पेटला, तो ‘चौथ’ मात्र संस्कृताच्या पोटातला. दोन्ही दरबार एकमेकांच्या भाषेत भांडत होते, आणि त्यांना ते परके वाटत नव्हते.

आणि जिंकले कोण? त्याच वर्षी ऑक्टोबरात तरुण पेशवे सवाई माधवराव वारले. पुण्यात गादीचा तंटा सुरू झाला. पुढच्याच वर्षी मुशीर-उल-मुल्क सुटले आणि खर्ड्यात मिळवलेले बहुतेक सारे परत गेले. खर्ड्याच्या वेळी निजामांच्या मदतीला न येता इंग्रज बाजूला बसून राहिले होते. १७९८ मध्ये निजामांनी त्यांची तैनाती फौज स्वीकारली. १८०२ मध्ये दुसऱ्या बाजीरावांनी वसईचा तह केला, त्यात निजामांवरच्या पेशव्यांच्या मागण्यांचा निवाडा इंग्रजांकडे गेला. ज्या हिशेबासाठी दोन शेजारी लढले, ती वहीच तिसऱ्याच्या हातात पडली. १८१८ मध्ये पेशवाई संपली. शब्दही अखेर त्याच तिसऱ्याच्या कोशात जाऊन बसला.

या सगळ्यात एक माणूस आम्हाला कुठल्याच तहात दिसला नाही. ज्याच्या शेतातून हा महसूल निघत होता, तो. चौथ पुण्याला गेली काय किंवा हैदराबादला राहिली काय, ज्वारी त्याचीच होती. खर्ड्याच्या शिवारात तो माणूस नमाज पढणाराही होता आणि एकादशी करणाराही.

इंग्रजीत ‘वुई’ एकच. मराठीत मात्र ‘आम्ही’ वेगळे आणि ‘आपण’ वेगळे. ‘आम्ही’त समोरचा नसतो, ‘आपण’मध्ये तो असतो. त्या मुलीने शब्द अगदी बरोबर निवडला होता. तेव्हा भगिनी, तिला एवढेच सांगा : बेटा, खर्ड्याला दोन दरबार पैशाच्या हिशेबावरून लढले. आपण दोन्हीकडे होतो, आणि दोन्हींचा कर आपणच भरला. आणि ज्या वर्गमैत्रिणीने ‘तुम्ही’ म्हटले, तिलाही तू ‘आपण’ म्हणूनच सांग.