कागदावरचा कंत्राटदार आणि मागावरचा कामगार

सोलापूरच्या अक्कलकोट रोड औद्योगिक वसाहतीत यंत्रमागांची खडखड रात्रपाळीतही थांबत नाही. येथे विणलेले टॉवेल आणि चादरी देशभर जातात, परदेशीही जातात. परंतु ते विणणारा माणूस कायद्याच्या दृष्टीने नेमका कोण, असा साधा प्रश्न विचारला की उत्तर देण्याऐवजी कागद पुढे केले जातात. कधी तो उक्त्या कामाचा ‘जॉबवर्कवाला’ असतो, कधी कुणा मुकादमाचा माणूस असतो, तर कधी तो स्वतःच ‘कंत्राटदार’ असतो! ज्याच्या मालकीचा एक धोटाही नाही, त्याला कंत्राटदार म्हणावयाचे आणि ज्याच्या शेडमध्ये तो बारा-बारा तास उभा राहतो, त्याने आपण केवळ गिऱ्हाईक असल्याचा आव आणावयाचा, अशी ही व्यवस्था आहे.

या व्यवस्थेच्या समर्थनार्थ एक युक्तिवाद केला जातो आणि तो वरवर पाहता न्याय्य वाटतो. पगारदाराला निवृत्तिवेतन आहे, भविष्य निर्वाह निधी आहे, रजा आहे. कंत्राटी माणसाला यांपैकी काहीच नाही. त्याऐवजी त्याला करात सवलत मिळते. एकाने सुरक्षितता घ्यावी, दुसऱ्याने सवलत घ्यावी, हिशेब फिटला. हा हिशेब खरोखरच फिटतो काय, हे आकड्यांनीच तपासून पाहिले पाहिजे.

प्रथम सवलतीची बाजू घेऊ. छोट्या धंद्यासाठी आयकर कायद्यात अंदाजित उत्पन्नाची तरतूद आहे. बँकेमार्फत पैसे घेणाऱ्याने उलाढालीच्या किमान ६ टक्के, एरवी ८ टक्के उत्पन्न दाखविले की हिशेबवह्यांचा जाच नाही. दोन कोटी रुपयांची बिले करणाऱ्याने ६ टक्के दाखविले, तर त्याचे उत्पन्न १२ लाख ठरते. २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर आयकर शून्य आहे. प्रत्यक्ष नफा याहून जास्त असेल तर तो दाखवावा, असे कायदा म्हणतो. पण वह्याच नसतील तर तपासणार कोण? पगारदाराला ७५ हजारांची प्रमाणित वजावट आहे हे खरे. तथापि त्याच्या पगाराचा एकेक रुपया मालकाच्या नोंदीत असतो आणि कर हातात पैसे पडण्यापूर्वीच कापला जातो.

आता ही सवलत मागावरच्या माणसाच्या पदरात किती पडते ते पाहू. उदाहरणादाखल महिना १२ हजार मजुरी धरा. वर्षाचे १ लाख ४४ हजार होतात. त्यावर मुळातच आयकर नाही. ज्याला करच नाही, त्याला करसवलत कसली? ‘कंत्राटदार’ या पदवीने त्याचा एक पैसाही वाचत नाही. उलट देयकातून एक टक्का कर आधी कापला गेला, तर तो परत मिळविण्यासाठी विवरणपत्र भरणाराच त्याला पैसे देऊन शोधावा लागतो.

तो गमावतो काय? भविष्य निर्वाह निधीत मालकाचा वाटा १२ टक्के असतो. १२ हजारांवर तो महिन्याला १,४४० आणि वर्षाला १७,२८० रुपये होतो. याच वाट्यातील ८.३३ टक्के, म्हणजे सुमारे हजार रुपये, निवृत्तिवेतन योजनेत जातात आणि केंद्र सरकार त्यात स्वतःचे १.१६ टक्के घालते. कामगाराला कंत्राटदार म्हटले की हे सारे नाहीसे होते. तेव्हा सवलत एकाची आणि सुरक्षितता दुसऱ्याची, असा हा सौदाच नाही. वाचलेली रक्कम मालकाच्या खिशात जाते, करसवलत मोठ्या ठेकेदाराच्या खिशात जाते आणि म्हातारपण तेवढे कामगाराच्या वाट्याला येते.

व्यवसाय कराचा इतिहास तर याहून बोलका आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर महाराष्ट्राने रोजगार हमी योजना उभारली आणि तिच्या खर्चासाठी १९७५ मध्ये हा कर आणला. शहरातील कमावत्याने खेड्यातील उपाशी हाताला काम द्यावे, हे त्यामागचे तत्त्व होते आणि समाजवाद्यांनी त्याचे स्वागतच केले. आज त्याचे रूप काय आहे? महिना १० हजारांहून अधिक मिळविणाऱ्या पुरुष कामगाराकडून वर्षाला २,५०० रुपये कापले जातात. दोन कोटींची उलाढाल करणारा ठेकेदारही २,५०० रुपयेच भरतो. घटनेच्या २७६ व्या कलमाने १९८८ च्या दुरुस्तीपासून याहून जास्त आकारणीस मनाई केली आहे. १२ हजारांच्या मजुरीवर हा कर पावणेदोन टक्क्यांच्या घरात जातो. ठेकेदाराला तो जाणवतही नाही. महिलांना २५ हजारांपर्यंत सूट देताना सरकारला जे सुचले, ते अल्प मजुरीच्या पुरुषांबाबत का सुचू नये?

कोणी म्हणेल की कायद्यातच पळवाट आहे, त्याला मालक काय करणार? वस्तुतः कायदा इतका आंधळा कधीच नव्हता. १९५२ च्या भविष्य निर्वाह निधी कायद्याने ठेकेदारामार्फत लावलेल्या माणसालाही कामगारच मानले होते. एकाच आस्थापनेचे तुकडे करून वीसची संख्या चुकवू नये, म्हणून तिचे सर्व विभाग व शाखा एकच धराव्यात, असेही त्यात लिहिले होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ‘थेट किंवा ठेकेदारामार्फत’ काम करणारा तो कामगार, हीच व्याख्या आहे. मात्र कंत्राटी कामगारांच्या संरक्षणाची मर्यादा १९७० च्या कायद्यात वीस होती, ती नव्या संहितेत पन्नासवर नेण्यात आली. एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेण्याचा हा प्रकार आहे.

सोलापूरला तर उदाहरणासाठी दूर जाण्याची गरज नाही. घरी बसून विड्या वळणाऱ्या बाईला कामगार मानावे की नाही, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९८५ मध्ये न्यायालयाने घरखेप कामगारांनाही भविष्य निर्वाह निधी लागू असल्याचा निर्णय दिला. आपल्या उंबऱ्यावर बसून विडी वळणारी बाई जर कामगार ठरते, तर मालकाच्या शेडमध्ये, मालकाच्या मागावर, मालकाच्या सुतावर काम करणारा माणूस ‘कंत्राटदार’ कसा ठरतो?

१८ मे २०२५ रोजी पहाटे याच वसाहतीतील एका टॉवेल कारखान्याला आग लागली आणि आठ जणांचा बळी गेला. त्यांत मालक होते, त्यांचे कुटुंबीय होते आणि कामगारही होते. आगीने भेद केला नाही. भेद एरवी, मृत्यूनंतर होतो. निधीचा सभासद असलेल्या कामगाराच्या मागे त्याच्या पत्नीला निवृत्तिवेतन आणि सात लाखांपर्यंत विम्याची रक्कम मिळू शकते; कागदावरच्या कंत्राटदाराच्या मागे उरते ते सरकारी मदतीच्या घोषणेकडे डोळे लावून बसणे.

या वसाहतीतील अनेक मालक लहान आहेत, त्यांतले काही कालपर्यंत स्वतः मागावर उभे होते, वीजबिल आणि सुताचे भाव त्यांना पिळून काढतात, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्यावरचा उपाय महाराष्ट्रानेच १९६९ मध्ये शोधून ठेवला आहे. माथाडी कायद्याने हमालाचा मालक रोज बदलतो हे गृहीत धरले, मालकांकडून मजुरीवर लेव्ही घेतली आणि मंडळामार्फत हमालाला निधी व उपदान दिले. तेच तत्त्व यंत्रमागाला लावता येईल. माग चार असोत की चाळीस, लेव्ही विणलेल्या मालाच्या मजुरीवर. मग कारखान्याचे तुकडे करण्यात कुणाला फायदाच उरणार नाही.

आणखी एका सापळ्यापासून कार्यकर्त्यांनी सावध राहिले पाहिजे. एप्रिल २०२५ पासूनच्या योजनेत केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला दहा वर्षांच्या सेवेवर किमान १० हजार रुपये निवृत्तिवेतनाची हमी मिळाली. खासगी क्षेत्रातील कामगारासाठी किमान रक्कम सप्टेंबर २०१४ मध्ये १ हजार ठरली आणि दहा वर्षे उलटून गेली तरी ती तेथेच राहिली. हे दोन आकडे शेजारी ठेवून पगारदाराविरुद्ध कंत्राटी कामगाराला चिथावण्याचा उद्योग होणार, हे उघड आहे. कारकुनाची भाकरी काढून घेतल्याने विणकराचे ताट भरत नाही. मागणी वरचे खाली ओढण्याची नव्हे, खालचे वर आणण्याची असली पाहिजे: किमान निवृत्तिवेतनात वाढ, यंत्रमागासाठी माथाडीच्या धर्तीवर मंडळ, अल्प मजुरीवरील व्यवसाय कर रद्द आणि मोठ्या ठेकेदाराच्या उत्पन्नाची खरी तपासणी.

पण या मागण्यांचा आरंभ मंत्रालयात होणार नाही. तो शेडच्या दारात, एका साध्या नोंदीने होईल. हजेरीपत्रकावर कामगाराचे नाव ‘कामगार’ म्हणून लिहिले गेले पाहिजे. ज्याचे नावच लिहिले जात नाही, त्याचे म्हातारपण कोणत्याच अर्थसंकल्पात धरले जात नाही.